कमला भागवतांचा बटाटा

(लाखांदूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कमला सोहोनी हे नाव महाराष्ट्रात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यांच्याविषयी बहुधा दोन गोष्टी ठाऊक असतात. एक म्हणजे त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. दुसरी, 1933 साली सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला, कारण त्या मुलगी होत्या. तिसरा प्रश्न विचारावा, की बाईंनी शोधले काय, तर भल्या भल्या सभा गप्प होतात. एखादा हुशार विद्यार्थी ‘सायटोक्रोम-सी’ असा शब्द उच्चारतो. तो कशाशी खातात हे विचारले की तोही खाली बसतो. बाईंवर झालेला अन्याय आपण पाठ केला आणि त्यांचे काम विसरलो. माझ्या मते हा दुसरा अन्याय आहे, आणि तो रामन यांनी केलेला नाही, आपण केला आहे. म्हणून आजचा तास त्या तिसऱ्या प्रश्नाला द्यायचा आहे. त्याचे उत्तर धानाच्या गावात जितके सोपे करून सांगता येईल तितके मुंबई-पुण्यात येणार नाही.

श्वास म्हटला की आपला हात नाकाकडे जातो. नाक, श्वासनलिका, फुप्फुसे, रक्त ही सगळी वाहतूक झाली. ऑक्सिजन लागतो तो पेशीला. गंमत अशी, की जन्मभर ऑक्सिजन वाहणाऱ्या आपल्या तांबड्या पेशी त्यातला कणभरही स्वतःसाठी वापरत नाहीत. त्यांच्यात तो वापरण्याची यंत्रणाच नसते. आणि धानाला तर नाकही नाही, फुप्फुसही नाही. तरी तो श्वास घेतो, रात्रंदिवस. बियाणे भिजवून पोत्यात दडपून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आत हात घातला, तर ऊब लागते. पोते सावलीत होते, जवळ विस्तव नव्हता. बी जागे झाले आहे आणि आपल्या पोटातला पिठाचा साठा खर्चू लागले आहे. त्या खर्चात जी उष्णता सुटते ती आपल्या हाताला लागते. कापणीनंतर ओल्या कडपा घाईने रचल्या तर पुंजणे आतून तापते, तेही याच कारणाने. तिथे धानाच्या जोडीला बुरशीही श्वास घेत असते, एवढेच.

आधारभूत खरेदी केंद्रावर धानातला ओलावा 17 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत जातो. शेतकऱ्याला हा जाच वाटतो, आणि कधी कधी तो असतोही. पण त्या आकड्यामागे श्वासच आहे. दाण्यात पाणी वाढले की त्याचा श्वास वाढतो, श्वासातून उष्णता निघते आणि आणखी पाणी तयार होते, त्या पाण्याने श्वास पुन्हा वाढतो, आणि गोदामातला माल बसल्या जागी स्वतःलाच खाऊ लागतो.

हे खाणे म्हणजे नेमके काय, याचा पहिला पक्का हिशेब 1783 साली पॅरिसमध्ये झाला. आंत्वान लव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले, त्याच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड निघाला तेही मोजले. मग तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल, याच्याशी ताडून पाहिले. आकडे जवळपास जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असे त्यांनी ठरवले. पुढे अकरा वर्षांनी क्रांतीच्या धामधुमीत लव्हाझिएचे डोके उडवले गेले. त्याचा निष्कर्ष मात्र शाबूत राहिला.

हिशेबापुरते ते खरेच आहे. 180 ग्रॅम ग्लुकोज जाळा किंवा पचवा, ऊर्जा सुटणार ती सुमारे 686 किलोकॅलरी. पण ‘ज्वलन’ या शब्दाने दीडशे वर्षे लोकांची दिशाभूलही केली. साखर पेटायला शेकडो अंश तापमान लागते; आपले अंग 37 अंशांवर असते. शिवाय जाळाची ऊर्जा सगळी उष्णता होऊन उडून जाते. तिने स्नायू आखडत नाही, दाण्यातून कोंब निघत नाही. मग पेशी करते काय?

इटियाडोहचे पाणी आपल्या तालुक्यात कसे येते ते आठवा. धरण फुटले तरी पाणी तेच, उंची तीच, जोरही तेवढाच. पण मागे राहतो तो चिखल. तेच पाणी कालव्यात, कालव्यातून वितरिकेत, तिथून पाटात असे पायरीपायरीने उतरवले की बांधी भिजते. साखरेतली ऊर्जा पेशी अशीच उतरवून घेते. एकेका पायरीवर एकेक विकर बसलेले असते आणि ते आपल्यापुरते एक छोटे काम करून माल पुढे देते.

दहावीच्या मुलांना या पायऱ्या पाठ असतात, म्हणून मी भरभर जातो. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पहिल्या टप्प्यात, पेशीद्रवातच, त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. ते पायरुविक आम्ल. इथे ऑक्सिजन लागत नाही आणि पदरी पडतात फक्त दोन एटीपी. एटीपी म्हणजे पेशीत कुठेही चटकन वापरता येणारी ऊर्जा धरून ठेवणारा रेणू. 1929 साली तो जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वेगवेगळा शोधला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. माणूस दिवसभरात साधारण आपल्या वजनाएवढे एटीपी वापरतो, पण कोणत्याही क्षणी अंगात असते ते अगदी थोडे, ग्रॅमांत मोजावे इतके. तेच ते पुन्हा पुन्हा भरले जाते. हे भरणे काही मिनिटे थांबले तरी कारभार आटोपतो.

पायरुविक आम्ल पुढे पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात, जाते. तिथे हान्स क्रेब्स यांनी 1937 साली मांडलेले चक्र फिरते. एकेक कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतो. आत्ता या सभागृहात आपण सगळे जो वायू सोडत आहोत, त्यातला बराचसा कार्बन काल-परवाच्या भाताचा आहे. पण चक्राचे खरे काम वायू काढण्याचे नाही. साखरेतले इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते पुढच्या साखळीला देणे, हे त्याचे काम. या साखळीत इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे खाली खाली उतरत जातात आणि तळाशी उभा असतो ऑक्सिजन. तो त्यांना स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. नाकातून घेतलेल्या ऑक्सिजनचा एवढाच उपयोग! अनेकांना वाटते की आत गेलेला ऑक्सिजन कार्बनला चिकटून बाहेर येतो. तसे नाही, त्याचे पाणी होते.

इलेक्ट्रॉन उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेतून तंतुकणिका आपल्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते. धरणाचा दाखला इथे जवळजवळ शब्दशः खरा ठरतो. साठलेले प्रोटॉन एका विकरातून खाली येतात, त्या जोरावर ते विकर खरोखर गरगर फिरते आणि एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी 1961 साली ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांनी ती थट्टेवारी नेली. 1978 साली त्यांना नोबेल मिळाले. 1997 साली जपानी संशोधकांनी त्या विकराला एक चमकणारा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना दाखवला. एका ग्लुकोजमागे सगळे मिळून तीस-बत्तीस एटीपी हाती लागतात. जुन्या पुस्तकांत 38 लिहिलेले असते, तो कागदावरचा कमाल हिशेब होता. मूळ ऊर्जेतला साधारण एक-तृतीयांश ते चाळीस टक्के भाग असा कामी येतो आणि बाकीची उष्णता होते. पोत्यातल्या बियाण्याची ऊब ती हीच.

आता साखळीतले ते वाहक कोण, या प्रश्नाकडे वळतो. कमलाबाईंचे काम तिथे आहे.

1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी चार्ल्स मॅकमन नावाचे डॉक्टर होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते प्राण्यांच्या स्नायूंतून प्रकाश सोडून वर्णपटात कोणत्या काळ्या रेषा उमटतात ते बघत. त्यांना अशा रेषा दिसल्या ज्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नव्हत्या. हे श्वसनाचे रंगद्रव्य असावे, असे त्यांनी लिहिले. त्या काळचे बडे जर्मन रसायनतज्ज्ञ होप्पे-झायलर यांनी ते उडवून लावले. मॅकमन 1911 साली वारले, तोवर कोणी त्यांचे मानले नव्हते. 1925 मध्ये केंब्रिजला डेव्हिड कायलिन यांना कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये त्याच रेषा दिसल्या. हवा खेळवली की रेषा पुसट होतात, हवा बंद केली की गडद होतात. म्हणजे द्रव्य ऑक्सिजनशी देवघेव करत होते. कायलिन यांनी त्याला सायटोक्रोम म्हटले आणि मॅकमन यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. सायटोक्रोमच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि देतो, घेतो आणि देतो. लोखंड कमी पडले की माणसाला थकवा येतो तो एकट्या रक्तापायीच येतो असे नाही, हे आपल्या भागातल्या आरोग्यसेविकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. जन्म इंदूरचा, घर रसायनशास्त्रज्ञांचे. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या त्याच संस्थेत शिकलेले. 1933 मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्या घरी बसल्या नाहीत, बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून: पहिले वर्ष कच्चे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा आणि तितका वेळ काम करायचे, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक कडक पण न्यायी मिळाले. वर्षभरानंतर रामन यांनी प्रवेश पक्का केला आणि पुढे मुलींना दार उघडले. बाई तो अपमान मात्र उतारवयातही विसरल्या नाहीत, आणि तो जाहीरपणे सांगायलाही त्या कचरल्या नाहीत. बरोबर केले.

या विषयाच्या इतिहासात नाकारले गेलेले पुष्कळ आहेत. मॅकमन यांचे झाले ते सांगितले. क्रेब्स यांचे ते गाजलेले चक्र ‘नेचर’ने परत पाठवले होते. पण त्या दोघांचे लिखाण तरी कोणीतरी वाचून किंवा हाताळून नाकारले. कमला भागवतांनी काही लिहिण्याआधीच त्यांना नाकारले गेले. हा फरक लहान नाही.

1937 च्या अखेरीस त्या शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला पोचल्या. पहिल्यांदा डेरेक रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांतल्या फिनॉल-विकरांवर काम केले. 1938 साली त्यावरचा निबंध छापून आला. नंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींचे अभ्यासक, आणि कायलिन यांच्याबरोबर त्यांनी सायटोक्रोम-सी या सायटोक्रोमच्या एका प्रकारावर आधी काम केलेले. इथे बटाटा आला.

बटाटा चिरून ठेवला की काळपट पडतो, हे स्वयंपाकघरात सगळे बघतात. त्यातली फिनॉल जातीची द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात आणि ते काम एक विकर करते. त्या काळी अशी शक्यता गंभीरपणे मांडली जात होती, की वनस्पतींचा ऑक्सिजन मुख्यतः याच वाटेने खर्च होतो. प्राण्यांचा श्वास सायटोक्रोममधून, झाडांचा श्वास काळ्या पडणाऱ्या बटाट्याच्या वाटेने. म्हणजे सजीवांच्या दोन जाती, दोन रीती. कायलिन यांनी वनस्पतींतही सायटोक्रोमच्या रेषा पाहिल्या होत्या, हे खरे. त्यांच्या 1925 च्या निबंधाच्या शीर्षकातच उच्च वनस्पतींचा उल्लेख आहे. पण द्रव्य आहे एवढ्याने ते काम करते हे सिद्ध होत नाही. शेवटच्या पायरीवर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करणारे विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेज, वनस्पतीत आहे का आणि ते सायटोक्रोम-सी घेऊन चालते का, हा खरा प्रश्न होता. हिरव्या पानात हरितद्रव्य आड येते. त्यामुळे बटाट्यासारखा जमिनीखालचा, रंग नसलेला भाग सोयीचा.

फिनॉल-विकरे बाईंच्या हातची झालेली होतीच. कोणती प्रक्रिया त्यांची आणि कोणती त्यांची नाही हे ओळखण्याची नजर तयार होती. 1939 साली ‘नेचर’मध्ये हिल आणि भागवत यांचे टिपण आले: फुलझाडांत सायटोक्रोम ऑक्सिडेज आहे. त्याच वर्षी त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा, केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत पुरा केलेला. आपल्याकडे प्रबंधाची जाडी वजनकाट्यावर तोलणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. याच कामाचा सविस्तर निबंध 1951 साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये आला, तोवर बाई सोहोनी होऊन चार वर्षे झाली होती, पण निबंधावर नाव भागवत असेच राहिले.

वर्तमानपत्री लेखांत ‘वनस्पतींतले सायटोक्रोम-सी त्यांनी शोधले’ एवढेच लिहितात. मी ते थोडे नेमके करून सांगितले, कारण नेमके केल्याने श्रेय घटत नाही, वाढते. एखादा पदार्थ सापडण्याला योगही पुरतो. दोन शक्यतांमधली खरी कोणती हे ठरवायला डोके लागते. बटाटा आणि तो चिरणारा हात, दोघांच्याही पेशी शेवटच्या पायरीवर एकाच रीतीने लोखंड वापरून श्वास घेतात, हे ठरवणाऱ्यांत एक मराठी मुलगी होती.

पुढे काय कळले तेही थोडक्यात सांगतो. सायटोक्रोम-सी हे माणसात 104 अमिनो आम्लांची साखळी आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या साखळीत एकही फरक नाही. जसजसे दूरचे नातेवाईक घ्यावेत तसतसे फरक वाढतात. 1967 साली फिच आणि मार्गोलिअॅश यांनी या फरकांवरूनच सजीवांची वंशावळ मांडून दाखवली. हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर पट्टकादंब हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. ते हिमालय ओलांडून येतात, विरळ हवेतून. त्यांच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये एका नाजूक जागी बदल झालेला आहे आणि त्यामुळे त्याचे सायटोक्रोम-सीशी असलेले नाते बदलले आहे, असे 2011 साली दाखवले गेले.

वनस्पतींनी मात्र एक दुसरी वाटही राखून ठेवली आहे, सायटोक्रोमला वळसा घालून जाणारी. तिच्यातून एटीपी कमी मिळते, उष्णता जास्त. आपल्या तलावांत फुलते त्या कमळाचे फूल या वाटेने तापते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उद्यानात रात्रीची हवा दहा अंशांवर गेली तरी कमळाच्या फुलाचे तापमान तीस अंशांच्या वर टिकून राहिलेले मोजले आहे. फुलात रात्र काढणाऱ्या कीटकांची ती सोय असावी.

इथवर साखरेची वाट पाहिली; आता मेद. आपल्या अंगात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात चार-पाचशे ग्रॅमच्या घरात असतो, आणि तो पाणी धरून बसतो म्हणून जड. मेद कोरडा असतो आणि ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी देतो. पिष्ट पदार्थ चार देतात. म्हणून लांबच्या प्रवासाला हंस चरबी बांधून घेतो, धान्य नाही. मेदाम्लाची साखळी पेशी कशी तोडते हे जर्मनीत फ्रान्झ क्नूप यांनी 1904 साली कुत्र्यांना खुणेची मेदाम्ले खाऊ घालून काढले: टोकाकडून दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात. सोळा कार्बनच्या पामिटिक आम्लाचे सात ठिकाणी तुटून आठ तुकडे होतात आणि तेच क्रेब्स चक्रात शिरतात. तिथून पुढची वाट साखरेचीच. एका पामिटिक आम्लामागे सुमारे 106 एटीपी. साखर आणि मेद वेगवेगळ्या दारांनी आत येतात आणि शेवटी त्याच सायटोक्रोमसमोर उभे राहतात.

वजन उतरले की चरबी जाते कुठे? घामातून, असे बहुतेक जण म्हणतील. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हिशेब मांडला: दहा किलो चरबी संपली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जाते आणि 1.6 किलोचे पाणी होते. आणि उपवासाचे म्हणाल तर यकृतातली साखर संपून शरीर चरबीवर यायला दिवसभराचा अवधी लागतो. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या एकादशीचा पेशींना पत्ताही लागत नाही.

इथवर ऑक्सिजन मिळतो असे धरून चाललो. तो मिळाला नाही तर? मोहाच्या वाळल्या फुलात वजनाच्या निम्मी साखरच असते. ती फुले पाण्यात बुडवून हवा बंद केली की यीस्टला पहिल्या दोन एटीपींवरच भागवावे लागते. उरलेला माल अल्कोहोल म्हणून बाहेर टाकावा लागतो. दारू पेटते, याचा अर्थ यीस्टला ती ऊर्जा काढता आली नाही. आपल्या स्नायूंत याच अडचणीत लॅक्टिक आम्ल तयार होते. पण रोवणीच्या चौथ्या दिवशी बाईची कंबर धरते त्याचा दोष त्या आम्लावर ढकलू नका. ते तासाभरात निघून जाते. कंबर दुखते ती दिवसभर वाकून काम करण्याने, आणि त्यावर उपाय रसायनात नाही, अवजारात आणि मजुरीच्या तासांत आहे.

धान मात्र या बाबतीत इतर पिकांपेक्षा वस्ताद. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या दहा हजार पट संथ पसरतो. साचलेल्या चिखलात तूर दोन-चार दिवसांत मान टाकते. धानाचे बी पाण्याखाली, ऑक्सिजनशिवाय, किण्वनाच्या तुटपुंज्या कमाईवर आपला पहिला कोंब वर ढकलते. मूळ तेव्हा जवळजवळ वाढत नाही. आधी कोंब हवेपर्यंत पोचू द्यायचा, मूळ नंतर. पुढे रोपाच्या अंगात पोकळ्या तयार होतात आणि पानाकडची हवा मुळापर्यंत उतरते. बांधीतले निरोगी रोप उपटून बघा, मुळांवर तांबूस गंज दिसतो. मुळांतून झिरपलेल्या ऑक्सिजनने चिखलातले लोह गंजते, त्याचा तो थर. मुळे काळी आणि चिखलाला कुजक्या अंड्याचा वास असेल तर समजावे की तिथे हायड्रोजन सल्फाइड झाले आहे. तो वायू सायटोक्रोम ऑक्सिडेजवरच घाव घालतो. अशा बांधीतले पाणी काही दिवस काढून टाकायचे असते, हे जुन्या शेतकऱ्यांना न शिकता ठाऊक आहे.

पण पुराचे पाणी काढून टाकता येत नाही. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर आपण सगळ्यांनी पाहिला. पूर्ण बुडालेले सामान्य धान पाण्याच्या वर येण्याच्या धडपडीत साठवलेली साखर उधळते आणि पाणी ओसरेपर्यंत संपते. ओडिशातल्या एका जुन्या वाणात याच्या उलट वागणारे जनुक सापडले, सब-1ए. 2006 साली त्याची ओळख पटली. ते असलेले रोप बुडाले की वाढच थांबवते, साखर राखते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटते. आपल्याकडे लावतात त्या ‘स्वर्णा’ वाणात ते संकराने आणून ‘स्वर्णा-सब-1’ तयार झाले; दहा-चौदा दिवसांचे बुडणे ते सोसते. चुलबंद आणि वैनगंगेच्या काठच्या ज्या बांध्या दर दोन-चार वर्षांनी बुडतात, तिथल्या शेतकऱ्यांनी कृषी सहायकाला या वाणाबद्दल विचारावे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात त्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो, आणि तोही पेशीच्या याच श्वसनयंत्रणेवर आघात करतो. किड्याची आणि माणसाची यंत्रणा एकच; किडा मरतो तशी शेजारच्या खोलीत झोपलेली माणसेही मरू शकतात. माणसे राहतात त्या घरात ही गोळी वापरू नये.

उतेऱ्याच्या लाखोळी या कडधान्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. तिच्यातले पाय लुळे करणारे द्रव्य 1960 च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनीच वेगळे केले. पुढे 1998 साली बंगळूरच्या ‘निम्हान्स’मधल्या संशोधकांना उंदरांत असे दिसले की ते द्रव्य तंतुकणिकेतल्या इलेक्ट्रॉनच्या साखळीची पहिलीच कडी निकामी करते. अधूनमधून ताटात आलेल्या लाखोळीने कोणी अधू होत नाही. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच ती खाणाऱ्यांचे पाय गेले आहेत.

कडधान्यांतले अपायकारक घटक हा कमलाबाईंचाही पुढे आयुष्यभराचा विषय झाला. 1939 साली त्या परतल्या; दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी कडधान्यांतल्या पचनरोधक द्रव्यांवर काम केले. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेचा अभ्यास झाला. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो असे त्यात आढळले, आणि त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्या संस्थेच्या संचालक झाल्या, पण वर्षानुवर्षे रखडवल्यानंतर. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत राहून त्या भेसळ पकडायला शिकवत होत्या. 1998 साली दिल्लीत सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि वारल्या.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. श्वसनाचा पाठ फळ्यावर बाण काढून संपवू नका. मोड आलेले धान एका थर्मासमध्ये भरा, उकळून थंड केलेले धान दुसऱ्यात. दोन्ही आधी जंतुनाशक द्रावणाने धुऊन घ्या, नाहीतर उकळलेल्या दाण्यांवर बुरशी चढेल आणि तीच तापेल. तोंडाशी कापूस, कापसातून तापमापी, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मुलांनीच आकडे लिहायचे. सगळ्या खर्चात थर्मास आणि तापमापी तेवढ्या विकत घ्याव्या लागतात. तालुक्यातल्या ज्या शाळांकडे त्या नसतील, त्यांना त्या व्याख्यानमालेच्या यंदाच्या शिलकीतून घेऊन द्याव्यात, अशी संयोजकांना माझी विनंती आहे.